उच्च रक्तदाबावर योगोपचार: गोळी बंद करता येईल का?

सायली_नाशिक

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ६३ आहे. काही वर्षांपूर्वी त्यांना उच्च रक्तदाब असल्याचे निदान झाले आणि तेव्हापासून ते टेलमिसार्टनची ४० मिलिग्रॅमची एक गोळी रोज सकाळी घेतात. गोळीमुळे रक्तदाब १३५/८५ च्या आसपास राहतो. गेल्या महिन्यापासून ते आमच्या वसाहतीतल्या योगवर्गाला जाऊ लागले आहेत. नियमित कपालभाती केली तर तीन महिन्यांत गोळी सुटेल, असे तिथे शिकवणाऱ्यांनी सांगितले आणि बाबांचा त्यावर इतका विश्वास बसला की त्यांनी आतापासूनच गोळी एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली आहे. मी काही म्हटले की "तुझा योगावर विश्वास नाही" असे ऐकावे लागते. तसे मुळीच नाही. वर्ग सुरू झाल्यापासून त्यांची झोप सुधारली आहे, हे मला दिसते आहे. योगाने रक्तदाब खरोखर किती उतरतो, काय करावे, काय टाळावे आणि गोळीचा निर्णय कशाच्या आधारे घ्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

फिजिशियन_साताऱ्याचा

सायलीताई, सर्वांत आधी गोळी पूर्वीसारखी रोज सुरू करायला सांगा, बाकीचा विचार नंतर करता येईल. टेलमिसार्टनचा परिणाम साधारण २४ तास टिकतो, म्हणून ती रोज एकदा द्यायची असते. एक दिवसाआड घेतली की मधल्या दिवशी रक्तदाब पुन्हा चढतो आणि तो चढलेला असताना माणसाला बहुधा काहीच जाणवत नाही. बरे वाटणे आणि रक्तदाब आटोक्यात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बाबांना पटवून देणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

आता योगाविषयी. रक्तदाब योगाने उतरतो, हे मी निःशंकपणे सांगतो, आणि त्याच्या सुरुवातीच्या पुराव्यांपैकी एक आपल्या मुंबईतलाच आहे. के.ई.एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवर केलेल्या शवासनाच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. औषधांनी रक्तदाब नीट आटोक्यात असलेल्या २२ जणांपैकी १३ जणांची औषधाची गरज साधारण एक तृतीयांशावर आली, उरलेल्या ९ जणांच्या मात्रेत मात्र फरक पडला नाही. हा दुसरा आकडा लोक सांगायचे विसरतात. कोणाला किती उपयोग होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून "तीन महिन्यांत गोळी सुटेल" असे आश्वासन कोणीही देऊ नये, मग तो डॉक्टर असो वा योगशिक्षक.

दुसरा प्रयोग १९७५ सालचा, लंडनजवळच्या क्रॉयडनमधील डॉ. चंद्रा पटेल यांचा. त्यांनी ३४ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला शिथिलीकरण, ध्यान आणि बायोफीडबॅक (शरीरातले बदल यंत्रावर पाहत ते आटोक्यात आणण्याचा सराव) शिकवले, तर दुसऱ्या गटाला तितक्याच वेळा बोलावून नुसते पडून राहायला सांगितले. पहिल्या गटाचा रक्तदाब १६८/१०० वरून १४१/८४ वर आला. पण दुसऱ्या गटाचाही १६९/१०१ वरून १६०/९६ इतका उतरला. म्हणजे वारंवार मोजल्याने भीती मोडते, आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे याने मन निवांत होते, आणि तेवढ्यानेही पारा काहीसा खाली येतो. वर्गात "आमच्या साधकांचा रक्तदाब २० ने उतरला" असे सांगितले जाते, तेव्हा तुलनेसाठी असा दुसरा गट होता का, हे आवर्जून विचारावे.

२०१९ मध्ये ४९ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यात योगाने वरचा रक्तदाब सरासरी ५ ने आणि खालचा ४ ने कमी झाल्याचे दिसले; आसनांबरोबर श्वसन आणि ध्यान यांचाही समावेश असलेल्या योगात, आठवड्यातून तीन वेळा सराव करणाऱ्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णांमध्ये हा उतार ११ आणि ६ पर्यंत गेला. एका औषधाच्या नेहमीच्या मात्रेने वरचा रक्तदाब साधारण ९ ने उतरतो, हे लक्षात घेतले तर योगाची कमाई मुळीच किरकोळ नाही. मात्र बाबांचा आजचा १३५/८५ हा आकडा गोळी चालू असतानाचा आहे. गोळी काढल्यावर तो किती राहील, हे त्यावरून कळत नाही.

लोणावळ्याची_विद्यार्थिनी

मी योगशिक्षिका आहे आणि रक्तदाबाच्या रुग्णांचा स्वतंत्र वर्ग घेते. वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु कपालभातीबद्दल थोडे अधिक सांगणे आवश्यक वाटते. कपालभाती आणि भस्त्रिका यांत पोटाला जोराचे झटके देऊन श्वास वेगाने चालवला जातो. रक्तदाबाच्या रुग्णाला हवी असते ती याच्या नेमकी उलट अवस्था. माझ्या वर्गात मी हे दोन्ही प्रकार, श्वास रोखून धरण्याचे कुंभक, आणि शीर्षासन व सर्वांगासनासारखी डोके खाली नेणारी आसने रक्तदाबाच्या रुग्णांना देत नाही. काचबिंदू असेल तर उलटी आसने डोळ्यांसाठीही धोक्याची ठरतात.

ज्याचा खरा उपयोग होतो ते करायला इतके साधे असते की लोकांना ते उपचार वाटतच नाही. दाते यांच्या प्रयोगातले शवासन असे होते: पाठीवर झोपायचे, हातपाय शरीरापासून थोडे दूर, डोळे मिटलेले. श्वास पोटाने, संथ आणि एका लयीत घ्यायचा, श्वास घेतल्यावर किंचित आणि सोडल्यावर त्याहून थोडे अधिक थांबायचे. लक्ष नाकपुड्यांपाशी ठेवायचे, जेणेकरून आत जाणारी हवा गार आणि बाहेर येणारी कोमट लागते आहे, हे जाणवत राहील. (हा विराम सहज येणारा असतो, दम कोंडून धरणे नव्हे.) असे रोज ३० मिनिटे. माझ्याकडे नवे येणारे बहुतेक जण पहिल्या दहा मिनिटांत एकतर घोरू लागतात किंवा चुळबुळ करतात, म्हणून मी सुरुवात थोड्या वेळाने करते आणि हळूहळू वाढवते. ज्यांना पाठीवर झोपणे सोसत नाही, त्यांनी खुर्चीत बसून केले तरी चालते.

त्याच्या जोडीला कुंभकाशिवाय अनुलोम-विलोम आणि भ्रामरी करावी. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास आले की मानेतल्या धमनीतील दाब जाणणाऱ्या चेतातंतूंची संवेदनशीलता वाढते, आणि मेंदूकडून हृदयाची गती व रक्तवाहिन्यांचा ताण कमी करण्याचे संदेश जातात. संथ श्वासाला महत्त्व आहे ते याचसाठी.

वामन_कोल्हापूर

माझी गोळी निम्मी झाली, पण ती डॉक्टरांनी केली, मी नव्हे. शिवाय त्याच काळात मी लोणचे, पापड आणि जेवताना वरून मीठ घेणे बंद केले होते आणि वजनही उतरले होते. त्यामुळे श्रेय एकट्या शवासनाला देता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खाण्यास सांगते आणि आपल्याकडच्या जेवणात ते सहज दुप्पट होते, तेव्हा बाबांच्या ताटाकडेही एकदा पाहावे.

सायली_नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. लोणावळ्याच्या ताईंचा प्रतिसाद मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला आणि कपालभाती केल्यावर डोके जड होते, हे त्यांनी प्रथमच कबूल केले. गोळी आजपासून रोज घ्यायला ते तयार झाले आहेत. घरी यंत्र आहे, पण ते वर्गातून आल्या आल्या मोजतात आणि कमी आकडा आला की खूश होतात. मोजायचे केव्हा आणि कसे?

फिजिशियन_साताऱ्याचा

डोके जड होत असेल तर कपालभाती आजच थांबवावी. योगवर्गानंतर लगेच आलेला आकडा शिथिलतेचा असतो, दिवसभराचा नसतो, म्हणून त्यावर निर्णय घेऊ नये. सलग सात दिवस सकाळी गोळी आणि न्याहारीच्या आधी, आणि संध्याकाळी जेवणाआधी मोजा. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू किंवा व्यायाम नको. लघवीला जाऊन या, मग पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे न बोलता बसा. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीला असावा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ च्या खाली राहिली तर रक्तदाब आटोक्यात आहे असे मानतात. योग आणि मीठ-नियंत्रण चालू असताना ती सातत्याने त्याहून बरीच खाली राहू लागली, उभे राहताना चक्कर येऊ लागली, तर मात्रा कमी करण्याचा विचार तुमचे डॉक्टर करतील, आणि कमी केल्यावर पुन्हा असेच सात दिवस मोजायला लावतील. बाबा अंगदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या घेत असतील किंवा झोपेत मोठ्याने घोरत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण या दोन्हींमुळे रक्तदाब वाढतो. आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि छातीत दुखणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूची ताकद जाणे यांपैकी काही असेल, तर शवासन करत न थांबता थेट रुग्णालय गाठावे.

तपासणीला जाताना वहीबरोबर यंत्रही न्या. दवाखान्यातल्या यंत्राशी ते एकदा ताडून घेता येईल.