‘मल्टिबाइट कॅरेक्टर’ला ‘अक्षर’ म्हणावं का?

प्रश्न:
सी या प्रोग्रॅमिंग भाषेची मराठी टिपणं लिहितोय. ‘एमबीलेन’ हे फंक्शन ‘बहुबाइट अक्षराची (मल्टिबाइट कॅरेक्टरची) लांबी सांगतं’ असं लिहिलं होतं. बाइट म्हणजे संगणकातल्या साठवणुकीचं एकक. एका विद्यार्थिनीने त्याला ‘ज्ञा’ दिलं, उत्तर आलं ३. मग तिने मजकुराचे एकूण बाइट मोजणारं ‘स्ट्रलेन’ चालवलं. ती म्हणाली, “सर, स्ट्रलेन तर १२ सांगतंय.” ‘अक्षर’ हा शब्द चुकला का? ‘वर्ण’ चालेल?

प्रतिसाद:
हो, ‘अक्षर’ चुकला. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे मजकूर बाइटांत साठवण्याच्या रूढ पद्धतीत, देवनागरीचं नेहमीच्या वापरातलं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. ‘ज्ञा’ म्हणजे ज, पायमोड, ञ, काना: चिन्हं ४, बाइट १२, अक्षर मात्र एकच. एमबीलेन त्यातल्या पहिल्या ‘ज’पाशीच थांबतं.

‘वर्ण’ही नको. व्याकरणाप्रमाणे ‘ज्ञा’त वर्ण तीन: ज्, ञ्, आ. उलट साध्या ‘न’त वर्ण दोन आणि चिन्ह एक. हिशेब कुठेच जुळत नाही. मला ‘चिन्ह’ पटतं; अनुस्वाराला, विसर्गाला आपण चिन्हच म्हणतो. ‘अक्षर’ आहे तिथेच राहू द्या. भुजंगप्रयाताच्या ओळीत १२ अक्षरं मोजतो तो अर्थ फार जुना आहे, संगणकासाठी तो बिघडवू नये.

हे मी पोळल्यावर शिकलो. एका कामाच्या मसुद्यात ‘नाव: कमाल २० अक्षरे’ असं होतं आणि मी २० बाइटचा रकाना केला. ‘ज्ञानेश्वर’ची अक्षरं ४, चिन्हं १०, बाइट ३०. कागदावर छापून आलं ‘ज्ञाने’ आणि पुढे चौकोन. १८ बाइटांत सहा चिन्हं बसली, उरलेल्या दोन बाइटांत ‘श’ अर्धवट चिरला गेला. त्या गृहस्थांनी कागद माझ्यापुढे धरला तेव्हा फार वाईट वाटलं. तेव्हापासून नुसतं ‘लांबी’ लिहीत नाही. ‘बाइटसंख्या’ किंवा ‘चिन्हसंख्या’ लिहितो.

दुसरा प्रतिसाद:
‘चिन्ह’ला माझंही मत. टिपणात एवढं घालाच: प्रोग्रॅम ‘सी’ नावाच्या मूळ लोकेलमध्ये (भाषा-लिपीच्या मांडणीत) सुरू होतो, म्हणून ती बदलणारं सेटलोकेल हे फंक्शन आधी बोलवायचं, नाहीतर एमबीलेनला यूटीएफ-८ कळत नाही. लिनक्सवर चिन्हसंख्या हवी तर एमबीएसटीओडब्ल्यूसीएस या फंक्शनला पहिला अर्ग्युमेंट (पुरवायचं मूल्य) नल, म्हणजे रिकामा, द्या. अक्षरं मोजणारं फंक्शन सीच्या प्रमाण लायब्ररीत नाही. युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, सर्वसाधारण नियमांतसुद्धा देवनागरी जोडाक्षर अखंड धरणं २०२३च्या १५.१ आवृत्तीपासून आलं. त्याआधी ‘क्ष’चे दोन तुकडे पडत.

आणि ‘दऱ्या’ तपासून पाहा. नुक्त्याचा ‘ऱ’ वापरून टंकलं तर १५ बाइट. साधा ‘र’, पायमोड आणि अदृश्य जोडचिन्ह घालून टंकलं तर १८. डोळ्यांना दोन्ही सारखेच. ते जोडचिन्ह गळलं की डोंगरातल्या दऱ्यांचा ‘दर्या’ होतो, म्हणजे समुद्र.

प्रश्नकर्ता:
वाक्य बदललं: ‘एमबीलेन: पुढचं बहुबाइट चिन्ह किती बाइटचं आहे ते सांगतं.’ ‘दऱ्या’ उद्या वर्गात दोन्ही तऱ्हांनी टंकून घेतो.