रेशमाचा पांढरा पतंग
रेशीमकिड्याचा हा पतंग कोषातून बाहेर आल्यावर काय खातो असं कुणी विचारलं, तर काहीच नाही! तोंड असून नसल्यासारखंच, सगळं खाणं अळी असतानाच उरकलेलं, जवळजवळ महिनाभर तुतीचा पाला नुसता चरते ती, ४ वेळा कात टाकते आणि मग कोष विणायला बसते. पतंग दिसायला मस्त, मळकट पांढरा, अंगावर लव आणि कंगव्यासारख्या मिशा. पंख आहेत पण उडता येत नाही, हजारो वर्षं माणसाने पाळलाय त्याचा परिणाम. मादी बसल्या जागी गंध सोडते (बॉम्बिकॉल, १९५९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुटेनांटने शोधला) की नर फडफडत चालत तिच्याकडे, मग मादी साधारण ३००-५०० अंडी घालते आणि थोड्याच दिवसांत खेळ खलास. अर्थात रेशमासाठी पाळलेले बहुतेक कोष पतंग बाहेर येण्याआधीच गरम पाण्यात जातात म्हणा.