मदत हवी आहे : ‘नहला’ आणि ‘अहुज्जा’ यांतील भेद

हिब्रू बायबलच्या जाणकारांना नमस्कार. देवाने इस्राएलाला दिलेल्या भूमीसाठी ‘नहला’ आणि ‘अहुज्जा’ असे दोन शब्द येतात. त्यांच्या अर्थातील सीमारेषा नेमकी कुठे आहे, हे मला समजून घ्यायचे आहे. इज्रेलचा रहिवासी नाबोथ इस्राएलाच्या अहाब राजाला आपला द्राक्षमळा द्यायला नकार देतो (१ राजे २१) तेव्हा तो ‘नहला’ म्हणतो, म्हणजे पूर्वजांकडून आलेले आणि परक्याच्या हाती जाऊ न देण्याचे वतन. लेवीय या ग्रंथाच्या २५व्या अध्यायात मात्र, जिथे भूमी परमेश्वराची आणि माणसे तिच्यावरील उपरी असे स्पष्ट सांगितले आहे, तिथे ‘अहुज्जा’ हाच शब्द वारंवार आढळतो. यावरून पहिला वारशाचा आणि दुसरा ताब्याचा, असे मी मानत आलो. पण मुलगा नसलेल्या आपल्या मृत पित्याचे वतन मागणाऱ्या सलाफहादाच्या मुलींच्या दाव्यात (गणना २७:७) ‘अहुज्जत नहला’ असे दोन्ही जोडूनच येतात आणि ही मांडणी अपुरी वाटू लागते.

हा भेद कायद्याचा मानावा, की निरनिराळ्या लेखनपरंपरांच्या शब्दनिवडीचा? शिवाय लेवीयांना, म्हणजे उपासनेच्या सेवेसाठी नेमलेल्या लेवी वंशाला, भूमी नसून परमेश्वरच त्यांचा ‘नहला’ आहे (अनुवाद हा ग्रंथ, १८:२), तो अर्थ यात कसा बसवावा? कृपया वचनांच्या आधारे मार्गदर्शन करावे.