विषय: पुस्तिकेतला शाळेचा तक्ता – आज रात्रीपर्यंत उत्तर हवं

मंडळी,
इथे अमेरिकेतल्या आपल्या मराठी कुटुंबांसाठीची पुस्तिका उद्या सकाळी छपाईला जातेय. छोट्या हायस्कूलच्या ओळीत ‘एशियन’ रकान्यात गणिताच्या निकालाऐवजी नुसती चांदणी (*) आहे. तिथे बरीचशी आपलीच मुलं, तर घरोघरी विचारून आकडा भरायचा का?
– पुस्तिका समिती

---

कृपया भरू नका. चांदणी मुद्दाम आहे. गटात मुलं मोजकी असली की निकाल झाकतात. किती मुलांखाली झाकायचं ते राज्य ठरवतं. माझ्या मुलीच्या वर्गात ‘एशियन’ सहा जणं, त्यात एक व्हिएतनामी, एक नेपाळी. आकडा छापला की कोण मागे पडलं ते पॉटलकला (घरोघरून पदार्थ आणून होणाऱ्या जेवणाला) येणाऱ्या प्रत्येकाला कळणार. आणि हा तक्ता चार वर्षं शाळा समिती करतेय. आधी आम्हाला विचारायला हवं होतं.

---

ताईंचं पटलं. पण फुकट जेवणाचा रकाना आधी काढा! तिथे १०० टक्के बघून गेल्या वर्षी दोन कुटुंबांनी त्या भागात घर घ्यायचं रद्द केलं. शाळा सरसकट सगळ्यांना जेवण देते म्हणून तो आकडा तसा दिसतो. पूर्वी त्यासाठी ४० टक्के मुलं सरकारी मदतीच्या यादीत लागायची, २०२३ पासून २५ टक्के पुरतात. १०० टक्के गरीब असा अर्थच नाही.

---

काका, काढू नका, खाली खुलासा द्या. माझी सून तिथेच कँटीनमध्ये मदतीला जाते. काही मुलांचं दिवसातलं धड जेवण तेवढंच असतं. ते लपवायचं कशाला?

---

ग्रॅज्युएशन रेटचं, म्हणजे नववीतली किती टक्के मुलं वेळेत हायस्कूल पास होतात त्याचं, कोणीच बोलत नाही. आम्ही मुलाला अकरावीत दुसऱ्या राज्यात नेलं. नव्या शाळेत नाव घातल्याचा कागद जुन्या शाळेला मिळालाच नव्हता, म्हणून तिथल्या काउन्सेलरबाईंचे तीन फोन आले. कागद नसेल तर नववीपासूनच्या हिशेबात ते मूल ‘पास न झालेलं’ धरतात. चाळीसच्या बॅचमध्ये एक मूल म्हणजे अडीच टक्के! शाळा सोडताना एवढं काम करून जा.

---

चांदणी ठेवली. जेवणाचा रकाना राहील, खुलासा शाळा समितीच्या ताई लिहितील. माझी चूक झाली, आधी विचारायला हवं होतं. कागदाची सूचना ‘घर बदलताना’ या पानावर घेते. ताई, दोन ओळी साडेदहापर्यंत पाठवाल?
– पुस्तिका समिती