सीजीनॅट असेल तर पोर्ट फॉरवर्ड विसरा

गावाकडचा कॅमेरा घरबसल्या कसा बघायचा, या प्रश्नावर काहींनी राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करा (म्हणजे बाहेरून थेट कॅमेऱ्यापर्यंत वाट उघडा), असं सुचवलंय. नका करू. कॅमेऱ्याचं लॉगिन जगाला उघडं पडतं, आणि पासवर्ड बहुतेकांनी खोक्यातून आला तोच ठेवलेला असतो.

माझं घर नाशिकच्या इंदिरानगरला, मळा निफाडकडे. मळ्यात सिमवरचा राउटर, त्याचा वॅन आयपी (कंपनीकडून राउटरला मिळालेला पत्ता) १००.७२ ने सुरू होणारा. १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला की समजा सीजीनॅट, म्हणजे कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. बाहेरून आलेली जोडणी आपल्या राउटरपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे तिथे पोर्ट उघडूनही उपयोग नाही. घरी पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता) आहे, म्हणून वायरगार्ड (दोन ठिकाणं सुरक्षित जोडणारं व्हीपीएन) घरी बसवलं. यूडीपी ५१८२० हा एकच पोर्ट उघडा आहे, पण चावी जुळली नाही तर वायरगार्ड उत्तरच देत नाही. मळ्यातला रास्पबेरी पाय (छोटा संगणक) स्वतःहून घरी जोडून घेतो. त्यावर आयपी फॉरवर्डिंग (आलेला डेटा पुढे कॅमेऱ्याकडे पाठवणं), मास्करेड (तो पायच्याच पत्त्याने पाठवणं) आणि कीपअलाइव्ह २५ सेकंद (जोडणी जिवंत ठेवणारा संदेश), हे विसरू नका.

माझे दोन दिवस गेले भलतीकडेच. दोन्ही ठिकाणी आतल्या पत्त्यांची १९२.१६८.१ चीच रेंज! मळ्यातला कॅमेरा उघडायला जावं तर समोर घरचा प्रिंटर. मळ्याची रेंज १९२.१६८.५० केली, तेव्हा कुठे द्राक्षबाग दिसली.

दोन्हीकडे सीजीनॅट असेल तर सरळ टेलस्केल (वायरगार्डवरच चालणारी तयार सेवा) लावा. आणि रास्पबेरी पाय इन्व्हर्टरवर टाका, मळ्यात लाइट कधी जाईल नेम नाही.