वर्गात आधी पॅनल लावायचं की आधी खोली नीट करायची?

फळा_आणि_खिडकी:
ठाणे-नवी मुंबईकडे ‘डिजिटल वर्ग’ म्हणजे भिंतीवर ७५ इंची टच पॅनल, असं समीकरणच होऊन बसलंय. माझं मत उलटं आहे. पैसे मोजकेच असतील तर आधी खोलीतला आवाज आणि उजेड सुधारा, पॅनल मागून येऊ द्या.

हिशेब मांडतो. खोली २० बाय २५ फूट, शेवटचा बाक फळ्यापासून ७ मीटर. लांबून सहज वाचता यावं म्हणून अक्षराची उंची अंतराच्या निदान २०० व्या हिश्श्याएवढी धरतात. ७ मीटरला ३५ मिलिमीटर झाली. पॅनलची उंची ९३ सेंटिमीटर. त्यावर पाठ्यपुस्तकाचं अख्खं पान उघडलं की ते साडेतीन पट मोठं होतं, आणि ३ मिलिमीटरचं अक्षर जेमतेम १० मिलिमीटर. ते २ मीटरवरून, म्हणजे पहिल्या बाकावरूनच नीट वाचता येतं. पान रुंदीभर ताणलं तरी अक्षर २५ मिलिमीटरच्या पुढे जात नाही. ५ मीटरपलीकडचे बाक उरतातच. आपल्या लिपीत तर रफार, उकार, अनुस्वार ही बारीक चिन्हंच अर्थ बदलतात. ‘कुल’ की ‘कूल’ हे दिसेना की मागचं मूल शेजाऱ्याच्या वहीतून उतरवू लागतं, आणि शेरा पडतो ‘लक्ष नसते’. खडूने लिहिताना शिक्षकाचं अक्षर आपसूकच बोटभर उंच येतं.

आवाजाचं त्याहून वाईट. खाली फरशी, चहूबाजूंनी प्लास्टर, वर सपाट स्लॅब. रिकाम्या वर्गात एक टाळी वाजवा. तिची शेपूट ऐकू आली तर खोली घुमते. वर्गात आवाज घुमण्याचा काळ ०.६ सेकंदांच्या आत असावा असं मानतात. घुमणाऱ्या खोलीत स्वर पोचतात, व्यंजनं एकमेकांत मिसळतात. घरी मराठी न बोलणाऱ्या मुलाला तुटका शब्द अंदाजाने जुळवता येत नाही. त्याचा वर्ग तिथेच सुटतो. उपाय साधे आहेत: मागच्या भिंतीवर ५० मिलिमीटर जाडीचे आवाज शोषणारे फलक, बाकांच्या पायांना रबरी टोप्या, घरघरणाऱ्या पंख्यांचे बेअरिंग बदलणं. पातळ सॉफ्टबोर्डावर भागवू नका, त्याने फारसा फरक पडत नाही.

ऐरोलीकर:
हिशेब बरोबर, निष्कर्ष साफ चुकीचा. पॅनलवर पुस्तकाचं पान उघडणं हीच मुळात चूक. पान मुलांच्या हातात आहेच की! पॅनलवर एका वेळी १० ओळींपेक्षा जास्त मजकूर नको. तिथे हलणारी गोष्ट दाखवा: हृदयाच्या झडपा कशा उघडतात, त्रिकोणाचा एक कोन ओढला की बाकीचे कसे बदलतात. हे खडूने होत नाही.

आणि वर्ग सुटणाऱ्या मुलाचं म्हणाल तर वर्षाच्या मध्येच गावाहून आलेलं मूल चाळीस जणांसमोर हात वर करून ‘परत सांगा’ म्हणत नाही. तासाचं रेकॉर्डिंग ते तीनदा ऐकतं. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर उघडतात आणि तिथलं साहित्य डाउनलोड करून नेटशिवायही बघता येतं. शाळेच्या वायफायवर उतरवून द्या, घरचा डेटा जाणार नाही.

दिघा_रबाळे:
उतरवून कुणाच्या फोनवर देणार? फोन बापाचा असतो आणि तो बापाबरोबर टीटीसी एमआयडीसीतल्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला जातो. दुपारी ४ ला वर्गाच्या ग्रुपवर टाकलेला गृहपाठ त्या घरात रात्री ११ नंतर उघडतो. ग्रुपवर ‘सर्वांनी पाहिले’ असं गृहीत धरून दुसऱ्या दिवशी वही मागणं हा अन्याय आहे. गृहपाठ शेवटच्या तासाला फळ्यावर लिहायचा, ग्रुपवर फक्त त्याचा फोटो. क्रम हाच हवा.

ऑनलाइन तासाला त्या मुलाच्या चौकोनात काय दिसतं? बापाचं नाव, नाहीतर फोनचं मॉडेल. हजेरी घेताना बाई ‘रेडमी कोण?’ विचारतात. तास सुरू होण्याआधी दोन मिनिटं काढून प्रत्येक चौकोनाला हजेरी क्रमांक आणि मुलाचं नाव द्यायला काहीच खर्च नाही. नाव नसेल तर मूल तिथे नसल्यातच जमा.

वायरिंगवाला:
पॅनल लावणारच असाल तर खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नका, काचेत सगळं आभाळ दिसतं. खिडक्यांना काटकोनात असलेली भिंत निवडा. पुढच्या ट्यूबलाइटला वेगळं बटण ठेवा, नाहीतर पॅनल दिसावं म्हणून अख्खा वर्ग अंधारात बसवतात आणि वहीवर उजेडच पडत नाही. बाकावर ३०० लक्स (उजेड मोजायचं एकक) लागतो.

नौपाडा_वाचक:
दोन्ही बाजू साडेपाच तासांच्या शाळेवरच अडकल्यात. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं आणि टीव्ही असताना मूल संध्याकाळी बसणार कुठे? ठाण्याला ही गोष्ट नवी नाही. इथलं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून उभं आहे. पॅनलचे पैसे वॉर्डातल्या अभ्यासिकेत घाला.

ऐरोलीकर:
अभ्यासिकेत एमपीएससीवाल्यांची चिडीचूप शांतता असते. सातवीचं पोर पाढे आणि कविता मोठ्याने म्हणून पाठ करतं. दहाव्या मिनिटाला त्याला बाहेर काढतात. ती जागा त्याची नाहीच.

नौपाडा_वाचक:
म्हणून अभ्यासिका नको, असं कसं? ५ ते ७ ही बोलत अभ्यास करायची वेळ ठरवा, ७ नंतर शांतता. मुलींसाठी दाराजवळच्या, रस्त्यावरून दिसणाऱ्या जागा राखा आणि जिन्यात दिवा लावा. मुली यायच्या थांबतात त्या बहुतेकदा त्या जिन्यामुळे.

फळा_आणि_खिडकी:
१० ओळींचा नियम मान्य; हलत्या आकृतीसाठी पॅनल हवं, हेही मान्य. पण ऐरोलीकर, तुमच्या रेकॉर्डिंगचा आवाज येणार कुठून? घुमणाऱ्या वर्गात ७ मीटरवर फोन ठेवून केलेलं रेकॉर्डिंग मुलाने तीनदा ऐकलं तरी तीच व्यंजनं तीनदा हरवणार. निदान शिक्षकाच्या गळ्याशी कॉलर माइक तरी लावा. मागची भिंत तरीही माझ्या यादीत पहिलीच.

ऐरोलीकर:
माइक कबूल. भिंत दुसऱ्या नंबरवर.