विषय: आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) सिनेमा – शनिवारपर्यंत ठरवा

राम राम मंडळी,
हॉलवाल्यांना शनिवारपर्यंत कळवायचंय. जेवणानंतर 'फँड्री' हे बैठकीत ठरलं, तरी हा सिनेमा नको म्हणून वहिनींचा फोन आला. हॉल एकच. बारकी पोरं कुठे बसवायची तेवढं सांगा.
– अप्पा

अप्पा, सिनेमा नको असं मी म्हटलेलं नाही. त्यातल्या शिव्या आणि शेवटी भिरकावलेला दगड सहा-सात वर्षांच्या पोरांना झेपायचा नाही. स्वयंपाकघरालगतची खोली मागू नका. तिथे मांड्यांसाठी खापरं तापलेली असतील. गेल्या वर्षीसारख्या खुर्च्याही तिथे रचू नका.
– वहिनी

साने गुरुजी आपल्या अमळनेरला मास्तर होते. अत्र्यांचा १९५३ चा 'श्यामची आई' लावा, आजी-नातवंडं एकत्र बसतील. मी सध्या अमळनेरलाच आहे, इथून काही आणायचं असेल तर कळवा.
– नाना

नाना, 'श्यामची आई' मलाही प्रिय आहे, पण श्याम कोकणातला आणि काळ फार मागचा. आपल्या नववी-दहावीच्या पोरांना त्यांच्या वयाचा 'फँड्री'तला जब्या दिसू द्या. घरच्यांबरोबर डुक्कर धरायला जावं लागतं आणि वर्गातली पोरं बघतील म्हणून तो आडोशाला लपतो, तिथे माझ्या पोटात कालवतं. चोपड्याकडे कापूस वेचणीला आमची शाळा बुडायची. वर्गातली पोरं सायकलीवर येताना दिसली की मी ओळीत खाली बसायचो, कमरेला बांधलेला कापसाचा ओटा पोटाशी धरून.
– जिभाऊ

जिभाऊ, वाचून भरून आलं. पण दोन्ही एका मापानं मोजू नका. वेचणी संपली की तुम्ही वर्गात चारचौघांसारखे. जब्या कैकाडी जातीचा. गावाला डुक्कर नकोसं झालं की हाक त्याच्याच घराला जाते, मग शाळेत तो कितीही हुशार असो. नागराज मंजुळेंनी ते एका दृश्यात मांडलंय: डुक्कर काठीला टांगून चाललेत आणि मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, गाडगेबाबा. इथे, महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या पोरांना संवाद सबटायटलमधून कळतील, त्या भिंतीवर कोण आहे ते आपणच सांगायला हवं. म्हणून तर हाच सिनेमा हवा.
– ताई

ताई, मग सिनेमाआधी पाच मिनिटं तुम्हीच बोला. बारक्या पोरांचं मात्र अजून कुणी सांगितलं नाही.
– अप्पा

मागच्या आवारात झाडाला आखाजीचा झोका बांधा, बारकी तिकडे रमतील. मांडे झाले की मी लक्ष ठेवते. दोर कोण आणतंय?
– वहिनी